एकाच कंपनीत वीस-वीस वर्षं : तुमचे अनुभव लिहा

मला इथे 17 वर्षं झाली. मागच्या आठवड्यात टीममधल्या नवीन मुलीनं विचारलं, "सर, हा रिपोर्ट आपण रोज कुणासाठी काढतो?" मी म्हणालो, पहिल्यापासून काढतो. नंतर शोधलं तर ज्या साहेबांनी तो मागितला होता ते 2015 लाच सोडून गेलेत. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कामचुकारांबद्दल हा धागा नाही. मन लावून काम करणारी माणसं एकाच जागी राहून राहून कशी थांबतात, ते जवळून पाहिलं असेल तर लिहा. स्वतःबद्दल असेल तर जरूर लिहा. कंपनीचं नाव नको.

भोसरीकर :

मी क्वालिटीत आहे. आमचे सुपरवायझर 26 वर्षं जुने, माणूस हिरा, बोअरमध्ये (पार्टच्या भोकात) बोट फिरवून साइज सांगायचे आणि बऱ्याचदा बरोबर यायची. त्यामुळे झालं काय, की प्लग गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायचा दांडा, कॅलिब्रेशनला (स्वतः गेजचं माप बरोबर आहे का ते तपासायला) पाठवायची गरजच कुणाला वाटेनाशी झाली. गेजच्या डबीवरचा स्टिकर तीन वर्षांपूर्वीचा, तेलाच्या हातांनी तारीख पण पुसट झालेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, गेजचं 'गो' टोक बोअरमध्ये गेलं पाहिजे आणि 'नो गो' जाता कामा नये. रोज शेकडो पार्टमध्ये घालून घालून गो टोक झिजतं, बारीक होतं, मग लहान पडलेलं बोअरही बिनदिक्कत पास होतं. तेच झालं. कस्टमरच्या लाइनवर शाफ्ट बसेना, अख्खा लॉट परत आला आणि रविवारी आम्ही सगळे सॉर्टिंगला.

सहा महिने आधी एका डिप्लोमावाल्या ट्रेनीनं तो स्टिकर दाखवला होता. "तुझ्या वयापेक्षा जास्त वर्षं मी इथे चेकिंग करतोय," एवढंच उत्तर त्याला मिळालं. मी शेजारी उभा होतो आणि काही बोललो नाही. ते मला अजून टोचतं.

माजी बँकवाली :

आमच्या बँकेत बाहेरचं माणूस फारसं लागायचंच नाही, कुणाचा भाचा कुणाची सून, सगळे एकमेकांच्या घरच्या लग्नात वाढायला. मार्चएंड आला की थकलेली कर्जं नवं-जुनं करायची, म्हणजे नवीन कर्ज मंजूर करायचं आणि त्यातनं जुनं फिटलं असं दाखवायचं, खातं 90 दिवसांच्या वर थकलंय हे कागदावर दिसायलाच नको. खोटं वाटेल, पण मला सातव्या वर्षापर्यंत यात काही गैर वाटलंच नाही. मला ते काम म्हणूनच शिकवलं होतं, आणि शिकवणाऱ्यांना त्यांच्या साहेबांनी. मग तपासणीला आलेल्या एका माणसानं, आवाज न चढवता, एकाच खात्याच्या सलग पाच मार्चच्या नोंदी माझ्यासमोर टेबलावर ओळीनं मांडल्या. पोटात गोळा आला.

पुढे पैसे काढण्यावर निर्बंध आले. पहिल्या दिवशी काउंटरपलीकडे माझ्या शाळेतल्या बाई पासबुक घेऊन उभ्या होत्या.

हिंजवडी, 13 वर्षं :

आमच्याकडे सगळं घरचंच. टेस्टिंगचं टूल घरचं, डिप्लॉयमेंटचं घरचं, शॉर्टफॉर्म पण असे की बाहेर कुणाला कळणार नाहीत. आत सगळे मला विचारायला यायचे म्हणून वाटायचं आपण पुढे आहोत. इंटरव्ह्यूला गेलो तर समोरच्या मुलीनं विचारलं, गेल्या दोन वर्षांत तुमचा कुठला निर्णय चुकला? मला चुकलेला सोडा, घेतलेला निर्णयच आठवेना. आता रोज सकाळी तासभर बाहेरचं शिकतोय, अवघड जातंय.

सांगलीकर :

बाबांना 25 वर्षांच्या नोकरीबद्दल कंपनीनं एचएमटीचं चावीचं घड्याळ दिलं होतं, अजून चालतं. एचएमटीचंच घ्या. 1961 ला सिटिझनच्या मदतीनं बंगळुरात घड्याळं सुरू केली, एक काळ असा की घड्याळ म्हणजे एचएमटीच. क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवरचं घड्याळ, त्यांनीही काढलं होतं, म्हणजे माहीत नव्हतं असं नाही, पण भर चावीच्या घड्याळावरच राहिला. मग 1984 ला टायटन उभी राहिली ती क्वार्ट्झवरच. 2016 ला सरकारनं एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं.

बाबांच्या कंपनीतही तेच, गिऱ्हाईक रांगेत उभं तर बदलायचं कशाला. 1991 नंतर बाहेरचा माल यायला लागला आणि रांग संपली, मग व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती. पण भोसरीकर, एकट्या सुपरवायझरला दोष देऊ नका हो. बाबांनी मशीनच्या सेटिंगचा वेळ कमी करायची युक्ती दोनदा लिहून दिली होती, पेन्सिलनं काढलेल्या जिगच्या (पार्ट जागेवर धरून ठेवायच्या साधनाच्या) आकृतीसकट. दोन्ही कागदांच्या प्रती त्यांच्या ट्रंकेत आहेत, दोन्हींवर एकच शेरा, "नोंद घेतली." तिसऱ्यांदा त्यांनी लिहिलं नाही. पुढची अकरा वर्षं ते वेळेवर गेले आणि वेळेवर आले.

धागाकर्ता :

सांगलीकर, ते कागद जपून ठेवा. आमच्या त्या मुलीला मी म्हटलं, अजून काय काय विचित्र वाटतं ते लिहून दे. तिनं नऊ गोष्टी दिल्यात. चारांची उत्तरं मिळाली, बाकी पाच आपण का करतो हे मजल्यावर कुणालाच सांगता आलं नाही. सोमवारी साहेबांकडे घेऊन जातोय, तिलाही सोबत नेणार आहे.