मदत हवी आहे: वेदना आवाक्यात ठेवून जागेपणा कसा राखावा?

माझ्या यजमानांचा स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतात पसरल्यामुळे केमोथेरपी थांबवली असून महिनाभरापासून त्यांची उपशामक सेवा घरीच सुरू आहे. दर ४ तासांनी मॉर्फिनची गोळी द्यावी लागते. गेल्या आठवड्यात मात्रा वाढवल्यापासून दुखणे आवरले, परंतु ते बहुतेक वेळ ग्लानीत असतात. काल नातीने हात धरला तेव्हा त्यांनी तिची बोटे हलकेच दाबली, पण डोळे उघडले नाहीत. एकदा गोळीला उशीर झाला तेव्हा ते नीट बोलले, मात्र थोड्याच वेळात पोट धरून कण्हू लागले. ते पुन्हा पाहण्याचे बळ माझ्यात नाही.

मात्रा वाढल्यानंतरची गुंगी सहसा काही दिवसांत ओसरते, पण मूत्रपिंडे मंदावली असल्यास औषध शरीरात साचते, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. त्यासाठी उद्या रक्ततपासणी आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी मात्रेत फेरफार करणार नाही. तरीही ज्यांनी घरी अशी शुश्रूषा केली आहे त्यांनी कृपया सांगावे: फेंटानिल या वेदनाशामकाच्या त्वचेवर चिकटवायच्या पट्टीने किंवा पोटातील मज्जातंतूंच्या ब्लॉकने (वेदना पोहोचवणाऱ्या नसा इंजेक्शनने बधिर करण्याने) गुंगी कमी झाली का? भेटीगाठी गोळ्यांच्या वेळांशी कशा जुळवल्यात? संध्याकाळी तासभर तरी जागे राहून सर्वांशी बोलावे, अशी त्यांचीच इच्छा आहे.