पेठांत पायी फिरायचं तर नकाशा बंद ठेवा

पायमोडे (धागाकर्ता):
बाहेरगावचे पाहुणे मंडई मेट्रोतून वर येतात आणि लगेच मान खाली घालून फोनवरच्या निळ्या ठिपक्याशी झटापट सुरू करतात. माझं म्हणणं, पुण्याच्या पेठांत टप्प्याटप्प्याने विचारत जावं. भरत नाट्य मंदिराला जायचंय? मंडईत ते विचारूच नका. आधी तुळशीबाग विचारा, तिथे विश्रामबागवाडा, पुढचं तिथे. अरुंद बोळांत उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो, म्हणून ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. पानवाला जागचा हलत नाही.

भुसावळची_बाई:
साफ असहमत. 'विचारत जा' म्हणणाऱ्याला भाषा येत असते आणि तो बहुधा पुरुष असतो. रात्री साडेनऊला अनोळखी बोळात एकटीने "अहो, जरा सांगता का" म्हणायचं, म्हणजे मी इथली नाही हे स्वतःहून जाहीर करायचं. आणि 'जिलब्या मारुतीच्या अलीकडे' हा पत्ता, जिलब्या मारुती ठाऊक असणाऱ्याच्याच कामाचा ना?

पायमोडे:
चौकात फोन गोल गोल फिरवत उभा असलेला माणूस तर लांबूनच ओळखू येतो!

पेठेतला_पेन्शनर:
अहो, वर बघा की जरा. बाजीराव रस्त्यावर गाड्या शनिवारवाड्याकडे जातात, शिवाजी रस्त्यावर तिकडून स्वारगेटकडे येतात. दोन्ही एकदिशा. कुठल्याही बोळातून यांतल्या एकावर बाहेर पडलात की गाड्यांची तोंडं पाहून उत्तर-दक्षिण कळते. लक्ष्मी रस्ता दोघांना आडवा. मंडईचा मनोरा दिसला तर आणखी सोपं. एवढ्यावर माझा भाचा एकटा फिरतो, आणि तो काही फार हुशार नाही.

भुसावळची_बाई:
काका, हे झकास आहे. पण नवख्याला हे सांगणार कोण? स्टेशनच्या दाराशी लिहून ठेवलंय का कुणी?

लंडनमुक्कामी:
इकडे लिहून ठेवतात. २००७ मध्ये बाँड स्ट्रीटच्या परिसरात पादचाऱ्यांसाठी नकाशांचे खांब आधी करून पाहिले, मग शहरभर लावले. त्यावर उत्तर दिशा वर नसते. तुम्ही ज्या बाजूला तोंड करून उभे आहात, ती बाजू वर असते. शिवाय पाच मिनिटांत चालत कुठवर पोचाल, त्याचं वर्तुळ. खांबासमोर उभं राहून नकाशा मनातल्या मनात उलटा करावा लागत नाही. खरी अडचण तिथेच असते.

पायमोडे:
लावा की इथे. त्यावर नाव कोणतं घालणार? कागदोपत्री लोकमान्य टिळक चौक, लोकांच्या तोंडी अलका टॉकीज. आणि महिन्याभरात कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स त्यावर येईल तो वेगळाच.

लंडनमुक्कामी:
दोन्ही नावं घाला. फ्लेक्स येईल म्हणून खांबच नको, हे काय झालं?

डोंबिवलीकर:
आमच्याकडे रूळ मध्ये असतात, पूर्व की पश्चिम एवढं समजलं की निम्मं काम झालं. तरी लोकांना विचारण्याबद्दल एक सांगतो. "माहीत नाही" म्हणणं आपल्या माणसांना जड जातं. हात मात्र ठामपणे दाखवतील. "इथेच, पाच मिनिटांवर" म्हणणारा तर हटकून स्कूटरवर बसलेला असतो.

पायमोडे:
म्हणून तर दोघांना विचारायचं.

भुसावळची_बाई:
आणि दोघांनी दोन दिशा दाखवल्या की तिसऱ्याला? माझा पर्याय साधा आहे: नकाशा आधीच उतरवून घ्या आणि पायी जाण्याचा पर्याय निवडा. तो न निवडल्यामुळे लोक एकदिशा रस्त्यांचा अख्खा वळसा पायी घालतात आणि मग शिव्या नकाशाला. बोळात ठिपका हलला, तर पुढच्या मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊन परत बघायचं. पेन्शनरकाकांचा गाड्यांचा नियम मात्र मी लिहून घेतलाय.

डोंबिवलीकर:
काका, गणपतीत रस्ते गाड्यांना बंद असतात, तेव्हा काय करायचं?

पेठेतला_पेन्शनर:
तेव्हा कुठे जायचं ते गर्दी ठरवते. तुम्ही फक्त चपला सांभाळा.