मदत हवी आहे: जेम्स औट्रमच्या नेमणुकांचा तक्ता आणि धरणगावच्या भिल्ल पलटणीतील नावे

नमस्कार.

जळगाव जिल्ह्यातील एका शाळेत मी तेवीस वर्षे इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर धरणगावच्या भिल्ल पलटणीवर एक छोटी पुस्तिका तयार करण्याचे काम हाती घेतले आहे. पलटण उभी करणारा अधिकारी जेम्स औट्रम याच्या नोकरीचा तक्ता तिच्या शेवटी द्यायचा आहे. हे काम दोन ठिकाणी अडले आहे, म्हणून येथील जाणकारांना विचारत आहे.

पहिली अडचण हुद्द्यांची आहे. औट्रमचा जन्म १८०३ सालचा. १८१९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो कॅडेट म्हणून मुंबईत उतरला. तो इंग्लंडच्या राजाच्या सैन्यातला नव्हता, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातला होता, आणि हा फरक तक्त्यात स्पष्ट दिसावा असे मला वाटते. राजाच्या पायदळात आणि घोडदळात पैसे मोजून हुद्दा विकत घेता येत असे. कंपनीच्या लष्करात ती सोय नव्हती. मेजरच्या हुद्द्यापर्यंत आपल्या पलटणीतल्या ज्येष्ठतेनेच वर जायचे, म्हणजे वरचा माणूस मेला, निवृत्त झाला किंवा बदलून गेला तरच जागा रिकामी होणार. त्यामुळे औट्रमचे नाव त्याच्या मूळ पलटणीच्या यादीत सावकाश वर सरकत होते आणि तो स्वतः मात्र वर्षानुवर्षे पलटणीबाहेर, राजकीय कामांवर होता. खानदेशानंतर गुजरातेतील महीकांठा, मग पहिले अफगाण युद्ध, पुढे सिंध, सातारा, बडोदा आणि लखनौ असा हा प्रवास आहे. १३ नोव्हेंबर १८३९ रोजी बलुचिस्तानातील कलात इंग्रजांच्या हाती पडले, त्या कामगिरीबद्दल त्याला ब्रेव्हेट मेजर करण्यात आले. हा हुद्दा लष्करात मानला जाई. पलटणीतली त्याची जागा मात्र त्यामुळे बदलत नसे.

ही दुहेरी स्थिती सर्वांत ठळक दिसते ती सप्टेंबर १८५७ मध्ये. १८५७ च्या उठावात वेढल्या गेलेल्या लखनौच्या वाटेवर औट्रम जनरल हॅवलॉकपेक्षा ज्येष्ठ असूनही त्याने सेनापतिपद हॅवलॉककडेच ठेवले आणि आपण अवधचा चीफ कमिशनर म्हणून, लढाईपुरता स्वयंसेवक होऊन, त्याच्यासोबत गेला. हे औदार्य होतेच. पण मुलकी आणि लष्करी असे दोन्ही अधिकार एकाच माणसाकडे असल्याशिवाय ते शक्य झाले नसते. मी तक्त्यात पलटणीतला हुद्दा, ब्रेव्हेट हुद्दा आणि प्रत्यक्ष नेमणूक असे तीन स्तंभ करावेत का? राजकीय कामावर असलेल्या अधिकाऱ्याला पलटणीचा पगार आणि नेमणुकीचा भत्ता कोणत्या हिशेबाने मिळत असे, हे कोणत्या प्रकारच्या कागदांत पाहावे?

दुसरी अडचण मला अधिक महत्त्वाची वाटते. १८१८ मध्ये खानदेश कंपनीकडे आला तेव्हा डोंगरी मुलखातील भिल्लांशी सरकारचा संघर्ष पेटलेला होता. नाईकांच्या, म्हणजे भिल्लांच्या प्रमुखांच्या, जुन्या हक्कांना धक्का लागला होता, गावे उजाड पडली होती, आणि नुसत्या बंदुकीच्या बळावर बंदोबस्त बसेना. १८२५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या सरकारने धोरण बदलले आणि भिल्लांचीच पलटण उभारण्याचे काम बावीस वर्षांच्या औट्रमकडे दिले. पहारा न ठेवता भिल्लांमध्ये राहून आणि त्यांच्याबरोबर शिकार करून त्याने त्यांचा विश्वास मिळवला, असे सगळीकडे लिहिलेले सापडते. मला त्यातला एक लहान प्रसंग फार मोलाचा वाटतो. नवे भिल्ल रंगरूट मालेगावच्या छावणीत गेले तेव्हा औट्रमच्या मूळ पलटणीतल्या उच्चवर्णीय शिपायांनी त्यांची हेटाळणी केली नाही, त्यांना आपल्याशेजारी बसवून घेतले आणि पानसुपारी दिली. ज्यांच्यावर काल गोळी झाडली जात होती, त्यांच्या हातात आज विडा ठेवला गेला. हा मान देणाऱ्या शिपायांची आणि घेणाऱ्या रंगरुटांची नावे मात्र कोणी सांगत नाही. औट्रमचे थडगे वेस्टमिन्स्टर ॲबेत आहे आणि कोलकात्यात त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे. पलटणीतल्या भिल्लांच्या नावाचा एक दगडही धरणगावात माझ्या पाहण्यात नाही.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी पट्ट्याचे पितळी बक्कल जपून ठेवले आहे. त्यावरची अक्षरे घासून घासून इतकी गुळगुळीत झाली आहेत की नुसते बोट फिरवले तरच खळगे जाणवतात. पणजोबांचे आजोबा पलटणीत होते, एवढेच घरात सांगतात. त्याने मला विचारले, "सर, त्यांचं नाव कुठं लिहिलेलं असेल का?" या प्रश्नासाठीच मी हे सगळे लिहीत आहे.

मला मोडी वाचता येते. मुंबईच्या पुराभिलेखागारात किंवा पुण्याच्या पुरालेखागारात १८२५ ते १८३५ या काळातले खानदेशचे हजेरीपट, पगारपत्रके किंवा इनामांचे कागद कोणी हाताळले असतील तर ते मुलकी विभागाच्या दप्तरात लावले आहेत की लष्करी विभागाच्या, एवढे कळले तरी माझे आठ दिवस वाचतील. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या कागदांत कोणी काम केले असेल, तर तेथे देशी शिपायांची नावे शोधण्यासाठी कोणती सूची आधी पाहावी, हेही सांगावे. अहिराणी किंवा भिल्ली बोलीत पलटणीची एखादी ओवी, गाणे किंवा आठवण कोणाच्या घरी असेल तर तीही हवी आहे.

कोणाला एखादे नाव सापडले तर कृपया ते कागदावर जसे असेल तसेच, बापाच्या आणि गावाच्या नावासह उतरवून द्यावे. शुद्धलेखन सुधारू नये.