मदत हवी आहे: पावसाळ्यात चुलीचा धूर धुराड्यातून उलटा घरात येतो

गुहागरजवळ समुद्राला लागून चिरेबंदी, कौलारू घर. मातीची वैलाची चूल, वर सहा इंची पत्र्याचं धुराडं, पश्चिमेच्या पाख्यातून बाहेर काढलेलं. उन्हाळ्यात धूर सरळ वर जातो. नैर्ऋत्येचा वारा सुटला की भपकन खाली येतो. वाशांना काजळी, सासूबाईंचा खोकला वेगळाच.

काजळी काढून झाली. लाकडं पडवीतली, खडखडीत वाळलेली. टोपी बसवली, पाणी थांबलं, धूर नाही. मागचं दार किलकिलं ठेवलं तर जरा बरं, पण मग पावसाची झड थेट आत.

धुराडं कौलांवर जेमतेम दीड फूट आहे, आढं त्याहून उंच. धुराड्यापासून दहा फुटांच्या आत जे छप्पर येतं त्यापेक्षा टोक दोन फूट तरी वर हवं, हे माहीत आहे. म्हणजे बरीच नळी वाढवावी लागेल, आणि तौक्ते वादळात (२०२१) वाडीतली कौलं उडालेली पाहिली आहेत. शिवाय खाऱ्या हवेत साधा पत्रा लगेच गंजतो. (गॅस आहे, पण भाकऱ्या चुलीवरच होणार, तो सल्ला नको.)

किनाऱ्यावर कुणी असं उंच धुराडं केलंय का? ताण तारांचे दिले की वाशांना पट्ट्या मारल्या? स्टेनलेस स्टील ३०४ ग्रेडचं पुरतं की ३१६च घ्यावं? की धुराडंच आढ्याजवळून काढणं सोपं?