मदत हवी आहे: बालभारती सोडून सिंगापूर गणित घेतलं, मुलगी अडकली

सईची_आई
मुलगी घरीच शिकते. आधी बालभारतीचं गणित होतं. ते सोडून प्रायमरी मॅथेमॅटिक्स या सिंगापूरच्या इंग्रजी पुस्तकमालेचं फोर ए, म्हणजे चौथीचा पहिला भाग, सुरू केलं. तीन आठवडे रोज रडारड. आकडेमोड येते, पण शाब्दिक उदाहरण आलं की पेन्सिल खाली. रेटू की जुन्यावर परत जाऊ? लवकर सांगा, फोर बी मागवायचंय.

रिकामी_टोपली
फोर बी मागवू नका. वय किती? बालभारतीचं कुठवर झालं होतं? प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे मूल कोणत्या पुस्तकापासून सुरू करावं ते ठरवणारी चाचणी, घेतली का? आवृत्ती कोणती? यूएस, स्टँडर्ड्स, कॉमन कोअर आणि २०२२ ची, सगळ्यांत घटकांचा क्रम सारखा नाही.

त्रैराशिक
सिंगापूर-बिंगापूर कशाला? तीसपर्यंत पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, दीडचे पाढे. शाब्दिक उदाहरणं आपोआप सुटतात.

रिकामी_टोपली
@त्रैराशिक, आकडेमोड येते असं लिहिलंय त्यांनी. बेरीज करायची की वजाबाकी हे पावकी कशी सांगणार?

नियमावली
दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयात ए, बी, सी स्तर म्हणजे तिसरी, पाचवी, आठवी. कोणतंही पुस्तक वापरा, कायद्याची भीती नको.

सईची_आई
कायद्याचं विचारलंच नव्हतं! वय साडेनऊ, चौथीचं पुस्तक पूर्ण. पाचवीऐवजी फोर ए घेतलं, सोपं जाईल म्हणून. टेस्ट नाही घेतली. यूएस आवृत्ती, पाठ्यपुस्तक आणि वर्कबुक.

चौकटीची_वही
म्हणजे होम इन्स्ट्रक्टर्स गाइड नाही. तिथेच गोची आहे. त्या पाठ्यपुस्तकात नुसती चित्रं आणि उदाहरणं, शिकवायचं कसं ते गाइडमध्ये. शिवाय पट्ट्यांची आकृती, म्हणजे बार मॉडेल, थ्री ए मध्येच बेरीज-वजाबाकीच्या धड्यात बसवून घेतात. फोर ए ती येते असं धरून चालतं.

उदा. अमितकडे मीनापेक्षा २४ गोट्या जास्त, दोघांच्या मिळून ९६. पट्टी न काढणारं मूल ९६ चे निम्मे ४८ करतं, त्यात २४ मिळवून ७२ लिहितं. ७२ आणि ४८ म्हणजे १२० झाले, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. आता मीनाची पट्टी काढा. खाली अमितची तेवढीच, पुढे २४ चा तुकडा जोडलेला. तो तुकडा बोटाने झाका. ९६ वजा २४, उरले ७२, दोन सारख्या पट्ट्या, एकेक ३६. मीना ३६, अमित ६०.

नेहमीची चूक अशी की मुलं उत्तर काढून मग शोभेला पट्टी काढतात. म्हणून उदाहरणातले आकडे चिकटपट्टीने झाकून द्या. आधी नुसत्या पट्ट्या, कोणाची मोठी ते सांगायचं, मग आकडे उघडायचे. दिवसाला दोनच उदाहरणं.

शाईचा_डाग
एक कुणीच विचारलं नाही. बालभारतीचं कोणत्या माध्यमाचं?

सईची_आई
मराठी. त्याने काय फरक पडतो?

शाईचा_डाग
अहो ताई, सगळा तिथेच पडतो! 'हाऊ मेनी मोअर' मधला 'मोअर' दिसला की मूल बेरीज करतं, हवी असते वजाबाकी. 'लेफ्ट' म्हणजे उरलेले हे माहीत नसतं, ते डावीकडे बघतं. देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ सारखे दिसतात, त्यामुळे वहीत उतरवतानाच आकडा बदलतो. फोर ए मध्ये संख्या लाखापर्यंत जातात, तिथे स्वल्पविरामही तीन अंकांनी.

आज रात्री करून बघा: पाच उदाहरणं घ्या, पुस्तक न दाखवता मराठीत सांगा. सुटली तर अडचण भाषेची. नाही सुटली तर पट्ट्यांची.

त्रैराशिक
अवांतर: २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात एकवीसचं 'वीस एक' केलं, तिथूनच बिघडलं.

चौकटीची_वही
उलट, पंचेचाळीस ऐकून ५४ लिहिणारी मुलं बघा एकदा. आधी 'पंचे' ऐकू येतं, मग चाळीस.

रिकामी_टोपली
त्याचा वेगळा धागा काढा दोघांनी.

सईची_आई
केलं. पाचपैकी तीन मराठीत पटापट सुटली. उरलेली दोन गोट्यांसारखीच होती, एकात ४८ चाच घोळ.

शाईचा_डाग
म्हणजे दोन्ही आहे, भाषा जास्त. जुन्यावर जाऊ नका. आकडेमोड फोर ए मधलीच चालू ठेवा, शाब्दिक उदाहरणं फक्त थ्री ए मधली घ्या. पहिले दोन आठवडे तुम्ही वाचून मराठीत सांगा, मग तिने इंग्रजी वाचून तुम्हाला मराठीत सांगायचं. शेजारी शब्दांचा तक्ता: मोअर दॅन, फ्यूअर दॅन, ईच, लेफ्ट, ऑल्टुगेदर.

रिकामी_टोपली
आणि थ्री ए, थ्री बी दोन्हींच्या टेस्ट घ्या, सिंगापूर मॅथच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. तिसरीचं गाइड जुनं मिळालं तर तेच घ्या. फोर बी दशांश अपूर्णांकांचं आहे, आत्ता त्याचं काही अडलेलं नाही.

त्रैराशिक
निदान पावकी तरी घ्या.