मदत हवी आहे: व्हॅन गॉगच्या चित्रातली ही पवनचक्की नेमकी कोणती?

मंडळी, रद्दीवाल्याकडे एक जुनी छापील प्रत मिळाली. मागे फक्त 'व्हॅन गॉग, पॅरिस' एवढंच लिहिलंय. राखाडी आभाळ, काळपट लाकडी पवनचक्की, खाली दोन-चार माणसं.

मी शोधलं ते असं. व्हिन्सेंट १८८६च्या सुरुवातीला पॅरिसला भाऊ थिओकडे आला आणि जूनपासून दोघं पॅरिसच्याच मोंमार्त्र भागात र्‍यू लपिक या रस्त्यावर राहत होते. 'मुलँ द ला गालेत'च्या चक्क्या तिथून हाकेच्या अंतरावर. तोवर दळण मागे पडून तिथे नाचगाण्याची बाग झाली होती. फ्रेंच चित्रकार रन्वारने १८७६ मध्ये रंगवलेला नाच तिथलाच. पण त्याने माणसं रंगवली, हा गडी मात्र चक्क्यांभोवतीच फिरत राहिला. हॉलंडचा माणूस, दुसरं काय करणार!

घोळ असा की तिथे चक्क्या दोन: ब्ल्यूत-फँ आणि रादे. ब्ल्यूत-फँवर पॅरिस पाहायला चढण्यासाठी सज्जा होता. माझ्या प्रतीत कठड्यासारखं काहीतरी दिसतंय, पण छपाई इतकी पुसट की खात्री होत नाही. शिवाय १९११ मध्ये पाडलेली 'मिरीची चक्की' नावाची पवनचक्कीही व्हिन्सेंटने १८८७ मध्ये काढली होती. ही ती तर नसेल?

दुसरं म्हणजे, आभाळ मुळातच इतकं मळकट आहे की छपाईचे रंग उडालेत? मला तैलरंगात याची नक्कल करायचीय. मूळ चित्रं पाहिलेल्यांनी कृपया सांगा. फोटो खाली टाकतो.