गंज, झीज की संक्षारण?

टाचण: पाइपलाइनच्या देखभालीची पुस्तिका मराठीत करतेय. पाइपात बसवलेल्या, धातू किती खाल्ला गेला ते मोजणाऱ्या प्रोबचा आलेख सपाट होतो, त्याला जुन्या मसुद्यात 'गंज कमी झाला' असं म्हटलंय. इंजिनियरांना ते साफ नामंजूर. मग काय लिहू?

पाणकावळा: त्यांचं बरोबर आहे. ईआर (इलेक्ट्रिकल रेझिस्टन्स, म्हणजे विद्युतरोध मोजणाऱ्या) प्रोबमध्ये धातूची पातळ पट्टी असते. ती जसजशी पातळ होते तसा तिचा विद्युतरोध वाढतो. म्हणून आलेखात आजवर गेलेला एकूण धातू दिसतो आणि वेग काढायचा तो चढावरून. सपाट म्हणजे गंजणं थांबलं. गेलेला धातू काही परत येत नाही. 'गंजण्याचा वेग शून्यावर आला' असं लिहा. एलपीआर (लिनियर पोलरायझेशन रेझिस्टन्स) हा दुसऱ्या प्रकारचा प्रोब थेट त्या वेळचा वेग देतो, पण त्याला वीजवाहक पाणी लागतं.

रसायनी: मुळात 'गंज' नकोच. गंज लोखंडाचा आणि तांबूस. हायड्रोजन सल्फाइड असलेल्या लाइनीत काळं आयर्न सल्फाइड बसतं. 'गंज दिसतो का पाहा' म्हटलं तर माणूस तांबडं शोधणार. 'संक्षारण' लिहा.

मिरजेची: शिफ्टवर 'पाइप खाल्लाय' म्हणतात हो! ज्यांच्यासाठी पुस्तिका आहे त्यांना संक्षारण कोण समजावणार?

टाचण: मग सरळ 'झीज' लिहू?

रसायनी: झीज घासून होते. वाळूने पाइप आतून घासला तर झीज, रसायनाने खाल्ला तर संक्षारण. ईआर प्रोबला दोन्हीत फरक कळत नाही, निदान शब्दांत तरी तो राहू दे.

पाणकावळा: काळ्या थराचा आणखी एक घोळ. तो वीज वाहतो. पट्टीवर बसला की रोध घटतो, आलेख खाली येतो आणि धातू वाढल्यासारखं दिसतं. नवखा ऑपरेटर निर्धास्त होतो, आत पाइप खाल्ला जातच असतो.

सुगरण: कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की आम्ही 'कळकलं' म्हणतो. तेही धातू खाल्ला जाणंच ना?

मिरजेची: कळकतं ते ताक, भांडं नव्हे. पाइपलाइनीत 'तेल कळकलं' म्हणणार का?

रसायनी: 'कळक' हा 'कलंक'वरूनच आला असणार, म्हणजे डाग. धातूला लागलेला.

सुगरण: आमची आजी भांड्यालाही 'कळकलंय' म्हणायची, सातारच्या बाजूला.

मिरजेची: आमच्याकडे नाही ऐकलं कधी.

टाचण: आलेख खाली येतो तेव्हा काय लिहायचं, ते राहिलंच.

सुगरण: कोल्हापूरकडचं कुणी आहे का? तिकडे भांड्याला काय म्हणतात?